विश्लेषण : हाताने विणलेले जाळे आणि गेलिक भाषेची ओहोटी

स्कॉटलंडच्या वायव्येकडील बेटांवर खडकात उभे राहून, घरी विणलेल्या जाळ्याने मासे उचलण्याची एक जुनी रीत होती. तिचे नाव ‘थाव’. ती आता जवळपास थांबली आहे. त्याच बेटांवर, २०२२च्या जनगणनेनुसार, गेलिक बोलू शकणाऱ्यांचे प्रमाण पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली गेले. २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने गेलिकला अधिकृत दर्जा देणारा कायदा केला. पण ज्या कामांमध्ये ही भाषा दिवसरात्र बोलली जात होती, ती कामेच उरली नाहीत तर दर्जाचा उपयोग किती, हा प्रश्न किनाऱ्यावरच्या या छोट्याशा जाळ्याच्या गोष्टीतून नीट समजतो.

ही बेटे कुठली?

स्कॉटलंडच्या मुख्य भूमीपासून पश्चिमेला अटलांटिकमध्ये लुईस, हॅरिस, नॉर्थ युइस्ट, बेनबेक्युला, साउथ युइस्ट, एरिस्के, बारा अशी बेटांची लांबलचक माळ आहे. इंग्रजीत ‘आउटर हेब्रिडीज’, गेलिकमध्ये ‘ना हेलानन शिअर’, म्हणजे पश्चिमेची बेटे. १९०१ मध्ये इथे सुमारे ४६ हजार लोक राहत. आज सुमारे २६ हजार राहतात. जमीन दलदलीची आणि खडकाळ, झाडे जवळजवळ नाहीत, वारा मात्र बारमाही.

इथला माणूस शेतकरी की मच्छीमार, हे सांगणे कठीण. त्यामागे इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जमीनदारांनी आतल्या सुपीक भागांतून कुळांना उठवून तिथे मेंढ्या आणल्या. उठवलेल्यांना किनाऱ्यालगत चिंचोळे तुकडे दिले. त्यावर पोट भरू नये इतके ते तुकडे लहान ठेवण्यात जमीनदारांचा फायदाच होता, कारण मग त्या माणसांना समुद्री शेवाळ जाळून त्याची राख तयार करण्याचे काम करावेच लागे. काच आणि साबणाच्या कारखान्यांना ही राख लागे. नेपोलियनची युद्धे संपली, स्वस्त माल पुन्हा बाहेरून येऊ लागला आणि राखेचा बाजार कोसळला. किनाऱ्यावर लोक उरले, तुकडाभर जमीन उरली आणि बटाटा. १८४६ मध्ये बटाट्यावर रोग पडला तेव्हा अनेक कुटुंबांनी खडकांवरचे शिंपले आणि किनाऱ्यालगतचे लहान मासे खाऊन दिवस काढले. या विस्थापनाला इतिहासात ‘क्लिअरन्सेस’ म्हणतात. हा शब्द पुढे पुन्हा येणार आहे.

‘थाव’ने मासे कसे पकडत?

‘थाव’ ही एक भलीमोठी गाळणीच म्हणायची. लांब दांडा, त्याच्या टोकाला लाकडाचे किंवा लोखंडाचे कडे आणि कड्याला लोंबणारी जाळ्याची पिशवी. होडी लागत नाही, माणसांचा ताफा लागत नाही. आपल्याकडच्या रापणीला जसे अख्खे गाव दोरावर लागते तसा प्रकार इथे नाही. एक माणूस खडकाच्या कडेला उभा राहतो, दुसरा त्याला चारा टाकून देतो. तेवढे पुरते.

मासा म्हणजे ‘कुदाग’, सेथ नावाच्या, कॉडच्या कुळातल्या माशाचे पिल्लू. मोठा सेथ खोल पाण्यात राहतो, पण पहिल्या वर्षाची पिल्ले थव्याने खडकांलगत येतात. उन्हाळा सरताना, शरद ऋतूत आणि पुढे हिवाळ्यातही, संध्याकाळी पाणी काळे होऊ लागले की हे थवे अगदी कड्याशी येत. हीच थावची वेळ. जाळे पाण्यात सोडायचे, थोडे खाली धरून ठेवायचे, वर चारा फेकायचा. मासे चाऱ्यावर जमले की दांडा उचलायचा. सांगायला सोपे आहे. भिजलेले जाळे, लांब दांडा, शेवाळलेला निसरडा खडक आणि खाली अटलांटिक, हे सगळे अंधारात सांभाळायचे म्हणजे मनगटाचे आणि पायाचेही काम होते.

चाऱ्याला ‘सोल’ म्हणत. खडकाला घट्ट चिकटलेले टोपीसारखे शिंपले खरवडून काढायचे, ठेचायचे आणि पाण्यात टाकायचे. ठेचायला खलबत्ता न्यायची गरज नसे. पश्चिम किनाऱ्यावर आणि बेटांवर मासेमारीच्या ठरलेल्या जागी खडकातच वाटीएवढे खळगे आढळतात. पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी चारा कुटून ते गुळगुळीत झालेले. कुठल्या खडकावर उभे राहायचे, हे शोधण्यासाठी नकाशा लागत नसे. खळगा दिसला की जागा कळली.

या माशाची नोंद इंग्रजीतल्या एका फार मोठ्या माणसाने केली आहे. कोशकार सॅम्युएल जॉन्सन १७७३ मध्ये जेम्स बॉस्वेलबरोबर या भागात फिरले. स्काय बेटावर त्यांना हा मासा दिसला. त्याचे शास्त्रीय नाव आपल्याला ठाऊक नाही अशी कबुली देऊन, १७७५ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात ते सांगतात की गरिबांना यातून अन्न मिळते आणि दिव्याला तेलही. वर्षाच्या काही दिवसांत तो इतका मुबलक असतो की टोपली बुडवून नुसती वर ओढली तरी काम होते. शब्दकोश लिहिणाऱ्याला नाव ठाऊक नसलेल्या माशाला बेटावरच्या पोरासोरांकडे मात्र वयागणिक वेगळे नाव होते. पिल्लू असताना ‘कुदाग’, मधल्या वयात ‘सीयन’, पूर्ण वाढला की ‘उख्सा’.

तेलाचा मुद्दा महत्त्वाचा. माशांच्या यकृतातून काढलेले तेल ‘क्रूश्कन’ नावाच्या लोखंडी दिव्यात घालत आणि त्याच्या मिणमिणत्या उजेडात हिवाळ्याची रात्र काढत. म्हणजे संध्याकाळी थाव उचलला तर रात्रीचे जेवण आणि त्या जेवणाला लागणारा उजेड, दोन्ही त्याच जाळ्यातून यायचे. मासे उकडत, ओटच्या पिठात घोळवून तळत, उरलेले सुकवत. यकृत आणि ओटचे पीठ एकत्र करून माशाच्या डोक्यात भरण्याचा पदार्थ तर लुईसमध्ये आजही आवडीने खाल्ला जातो.

जाळे विणायचे कशाने आणि टिकवायचे कसे?

जाळे घरात विणले जाई. लाकडी सुई, आस सारख्या मापाचे यावेत म्हणून लाकडाची पट्टी आणि अंबाडीसारख्या तागाचा किंवा जवसाच्या झाडापासून काढलेला धागा. गेलिकमध्ये जाळ्याला ‘लीअन’ म्हणतात आणि जवसाच्या झाडालाही ‘लीअन’च. भरणे या क्रियापदाचे रूपही तेच, आणि त्यावरून समुद्राच्या भरतीला ‘लीअनग’. एका ध्वनीत धागा, जाळे आणि भरती.

१८२०च्या सुमारास एडिंबराजवळच्या मसलबर्ग गावात जेम्स पॅटर्सन यांनी जाळी विणण्याचे यंत्र उभे केले आणि हळूहळू हेरिंग माशांसाठीची मोठी जाळी कारखान्यातून येऊ लागली. लहान हातजाळ्याला मात्र कारखान्याची गरज नव्हती. थावची पिशवी घरीच विणणे, फाटलेल्या मोठ्या जाळ्याच्या तुकड्यातून ती करणे, हे पुढेही बराच काळ चालू राहिले.

धाग्याचे जाळे खाऱ्या पाण्यात लवकर कुजते. म्हणून ते झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ‘पक्के’ करावे लागते. आता, झाडेच नसलेल्या बेटावर साल आणायची कुठून? लोकांनी त्याला उत्तर शोधले होते. माळरानावर पिवळ्या फुलांची टॉर्मेन्टिल नावाची छोटी वनस्पती उगवते. तिची मुळे खणून, उकळून त्यातले तुरट द्रव्य वापरत. तिचे गेलिक नाव ‘कार्श्त लार’, म्हणजे जमिनीतली साल. एका जाळ्यापुरती मुळे गोळा करायला किती पाठ मोडत असेल याचा अंदाज त्या रोपाचा आकार पाहिला की येतो.

एकोणिसाव्या शतकात या कष्टातून सुटका झाली ती आपल्या ओळखीच्या वस्तूमुळे. ब्रह्मदेश आणि भारतातून ब्रिटनमध्ये कात जाऊ लागला. हो, विड्यात घालतो तोच, खैराच्या गाभ्यातून उकळून काढलेला. ब्रिटिश मच्छीमारांनी जाळी आणि शिडे रंगवण्यासाठी तो पिंपांनी वापरला. उत्तरेकडच्या जुन्या बंदरांच्या चित्रांत होड्यांची शिडे तांबूस-तपकिरी दिसतात, तो रंग काताचा. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर नायलॉन आले आणि खैराची गरज संपली.

समुद्रातला मासा कोणाचा?

इथे या विषयातला खरा पेच आहे. स्कॉटलंडच्या कायद्यात समुद्रातले साधे मासे सर्वांचे. कोणीही किनाऱ्यावरून ते पकडू शकतो. सॅमन मात्र तसा नाही. सॅमन पकडण्याचा हक्क ही जमिनीसारखीच खासगी मालमत्ता आहे. तो विकता येतो, वारसाने मिळतो आणि हे नदीपुरते मर्यादित नसून किनाऱ्यालगतच्या समुद्रालाही लागू आहे. सी ट्राउट नावाचा मासाही त्यातच धरला जातो. म्हणजे खडकावर थाव घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या जाळ्यात कुदाग आला तर तो त्याचा. सॅमन आला तर तो चोर.

लोकांनी हा कायदा मनाने कधीच मान्य केला नाही. रानातली काठी, डोहातला सॅमन आणि डोंगरातले हरीण घेतल्याची कोणा गेलिक माणसाला लाज वाटली नाही, अशा अर्थाची म्हण तिकडे सर्रास ऐकू येते. वडिलोपार्जित भूमीशी, पाण्याशी असलेले नाते आणि त्यातून येणारा हक्क यासाठी ‘दूखस’ असा शब्द आहे. कायद्याच्या पुस्तकात त्याला जागा नाही, पण जमिनीच्या प्रश्नावर लोक बोलू लागले की तो येतोच. १८८३ मध्ये नेमलेल्या नेपियर आयोगापुढे बेटांवरच्या कुळांनी उठवल्या जाण्याच्या कहाण्या सांगितल्या आणि १८८६च्या कायद्याने त्यांना कसत्या तुकड्यावर राहण्याचा कायमचा हक्क मिळाला. सॅमन तरीही जमीनदाराचाच राहिला.

मासे सर्वांचे म्हणजे बेबंदशाही, असेही नव्हते. लोककथा आणि प्रार्थना जमवणारे अलेक्झांडर कारमायकल यांनी एकोणिसाव्या शतकात नोंदवलेल्या दोन रीती बोलक्या आहेत. बारा बेटावर संत ब्राइडच्या सणाला, म्हणजे १ फेब्रुवारीला, प्रार्थना संपली की चर्चच्या दाराशीच चिठ्ठ्या टाकून समुद्रातल्या मासेमारीच्या जागा वाटल्या जात. चांगली जागा दरवर्षी एकाच्याच वाट्याला जाऊ नये म्हणून. दुसरी रीत नाताळची. त्या दिवशी वाडीतले तरुण मासे पकडायला जात आणि मिळेल तो सगळा मासा विधवा, अनाथ आणि गरिबांना गरजेप्रमाणे वाटून टाकत.

किनाऱ्यावर दगडी बांध घालून मासे अडवण्याची ‘कारी’ नावाची पद्धतही होती. खाडीच्या तोंडाशी चंद्रकोरीसारखा बांध. भरतीला पाणी त्यावरून आत येते, ओहोटीला पाणी झिरपून जाते आणि मासे मागे राहतात. असे बांध आजही काही ठिकाणी ओहोटीला उघडे पडतात.

मग हे बंद कशाने पडले?

बेटांवर याचे खापर सरकारवर फोडणारे भेटतात, पण थावच्या बाबतीत ते पूर्ण खरे नाही. आधी रॉकेल आले आणि माशाच्या तेलाची गरज गेली. मग दुकाने, फिरत्या गाड्या, वीज आणि शीतकपाट आले. वीतभर काटेरी मासा साफ करत बसण्याची गरज उरली नाही. तरुण ग्लासगोला, कॅनडाला, जहाजांवर गेले. थाव कोणी बंद केला नाही. तो एका हिवाळ्यात भिंतीला टांगला गेला आणि पुढच्या हिवाळ्यात खाली काढायला कोणी नव्हते.

कायद्याचा भाग आहे तो वेगळा. किनाऱ्यापासून तीन मैलांत ट्रॉलरना १८८९ पासून मनाई होती. १९८४च्या कायद्याने ती सरसकट मनाई उठली. तळ खरवडणारी अवजारे किनाऱ्यालगत आली आणि कॉड, हॅडॉकसारखे मासे जवळच्या पाण्यात दिसेनासे झाले, असा तिथल्या लहान मच्छीमारांचा आणि अनेक पर्यावरण कार्यकर्त्यांचा आरोप आहे. २०१६ मध्ये समुद्रात सॅमन जाळ्याने पकडून ठेवण्यावर देशभर बंदी आली. ती गरजेची नव्हती असे म्हणणे अवघड आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने, म्हणजे ‘आययूसीएन’ने, २०२३ अखेर ब्रिटनमधील अटलांटिक सॅमनला संकटग्रस्त ठरवले. पण बेटावरच्या माणसाला त्याच वेळी समोरच्या खाडीत सॅमनचे पिंजरे दिसतात. १९७०च्या दशकापासून वाढलेला हा मत्स्यपालनाचा उद्योग आज मोठ्या प्रमाणात नॉर्वेच्या आणि फेरो बेटांच्या कंपन्यांच्या हातात आहे. जंगली सॅमन धरणे गुन्हा, पिंजऱ्यातला विकत घ्यायचा.

२०२३चा वाद काय होता?

स्कॉटिश सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये एक प्रस्ताव लोकांपुढे ठेवला. २०२६ पर्यंत स्कॉटलंडच्या किमान दहा टक्के समुद्रात ‘अतिसंरक्षित क्षेत्रे’ करायची. तिथे सर्व प्रकारची मासेमारी बंद, हौशी गळ टाकणाऱ्यांसह. तळ खरवडणारा ट्रॉलर आणि खडकावर गळ घेऊन बसलेला आजोबा एकाच नियमात आले. बेटांवर संताप उसळला. स्किपिनिश या गेलिक बँडने व्हॅटरसे बेटावरच्या मच्छीमाराने रचलेले जे निषेधगीत काढले, त्याचे नावच ‘द क्लिअरन्सेस अगेन’ होते. दोनशे वर्षांपूर्वी मेंढ्यांसाठी उठवले, आता माशांसाठी उठवणार, असा त्याचा रोख. जून २०२३ अखेर सरकारने प्रस्ताव मागे घेतला.

समुद्र वाचवायला हवा यावर बेटांवरचे दुमत फारसे नव्हते. राग होता तो विचारण्याच्या पद्धतीवर. मासेमारीच्या जागा चर्चच्या दारात वाटून घेणाऱ्यांच्या वंशजांपुढे टक्केवारी आधी ठरवून नकाशा नंतर काढायचा प्रस्ताव आला होता.

भाषेचा याच्याशी काय संबंध?

‘थाव’ हा शब्द मुळात गेलिक नाही. हजार-बाराशे वर्षांपूर्वी नॉर्वेकडून व्हायकिंग आले, बेटांवर वसले आणि पुढे गेलिक बोलू लागले. त्यांच्या नॉर्स भाषेत अशा जाळ्याला ‘हावर’ म्हणत. गेलिकमध्ये शब्दाच्या आरंभी येणारा ‘ह’ हा बऱ्याचदा मूळ ‘थ’चे बदललेले रूप असतो. ऐकणाऱ्यांनी इथेही तसेच समजून ‘थ’ परत बसवला आणि ‘थाव’ झाला. नॉर्समध्ये समुद्राला ‘हाफ’ म्हणत. त्याचेही गेलिकमध्ये ‘थाव’च झाले. म्हणून गेलिक कोशात या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी सापडतात : हातजाळे आणि महासागर.

उधाणाच्या भरतीला ‘रॉहर्ट’, भांगाला ‘कॉन्ट्राय’. रासे बेटाचे कवी सॉर्ली मॅक्लीन यांनी १९७७ मध्ये आपल्या निवडक कवितांच्या पुस्तकाला हेच दोन शब्द नाव म्हणून दिले. कोळ्याच्या घरात वाढलेल्याला उधाण आणि भांग समजावून सांगावे लागत नाही. खडकावर कधीच न गेलेल्याला ते पाठ करावे लागते.

आकडे हेच सांगतात, जरा विचित्र रीतीने. २०११ ते २०२२ या काळात स्कॉटलंडभरात गेलिकचे थोडेफार ज्ञान असलेल्यांची संख्या ८७ हजारांवरून १ लाख ३० हजारांवर गेली. शाळा, रेडिओ, मोबाइलवरचे धडे यांचा हा परिणाम. याच काळात पश्चिमेच्या बेटांवर गेलिक बोलू शकणारे ५२ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आले. भाषा शिकणारे वाढले, भाषेत राहणारे घटले. हायलँड्स अँड आयलंड्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने तर इशारा दिला होता की हेच चालू राहिले तर दहाएक वर्षांत गेलिक ही बेटांवरची रोजच्या व्यवहाराची भाषा राहणार नाही. त्या निष्कर्षावर बराच वाद झाला, पण बोलणाऱ्यांचे सरासरी वय पाहता तो सहज उडवून लावता आला नाही.

२०२५च्या कायद्यात ‘भाषिक महत्त्वाची क्षेत्रे’ जाहीर करण्याची सोय आहे. तिथे शाळा आणि सार्वजनिक सेवांमध्ये गेलिकला अधिक वाव मिळेल अशी अपेक्षा आहे. मासेमारी, किनारा आणि घरबांधणीचे नियम मात्र वेगळ्या कायद्यांत आहेत. बेटांवरच्या अनेकांचे म्हणणे असे की तरुणाला गावात घर परवडत नसेल आणि होडीवर पोट भरत नसेल, तर फलकावरची गेलिक वाचायला तो तिथे असणार नाही.

जुने शब्द निदान साठवले गेले आहेत. ग्लासगो विद्यापीठाने १९६०च्या दशकापासून ऐतिहासिक गेलिक शब्दकोशासाठी गावोगाव प्रश्नावल्या पाठवून मासेमारी, शेती, विणकामातले शब्द गोळा केले. तो कोश पूर्ण झाला नाही, पण सामग्री आता डिजिटल संग्रहात पाहता येते. एडिंबरा विद्यापीठात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या स्कॉटिश अध्ययन केंद्राच्या संशोधकांनी जड ध्वनिमुद्रण यंत्रे घेऊन बेटांवर फिरून हजारो तासांचे बोलणे टिपले. त्यातले बरेचसे ‘टोबर अन डुअलखश’, म्हणजे वारशाची विहीर, या संकेतस्थळावर फुकट ऐकता येते. गाणी आणि भुताच्या गोष्टी यांच्या मधेच कुणीतरी मासे कसे पकडायचे ते सांगत असतो. मागे चुलीचा आवाज येतो, कधी कुत्रा भुंकतो. सांगणाऱ्यांपैकी बहुतेक आता हयात नाहीत.